प्रकरण अभ्यास: "आधी गणित पुरं करते, मग फिजिक्सला हात लावते"

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका विद्यार्थिनीचं आहे. नाव बदललंय, आपण तिला प्राजक्ता म्हणू, आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही बदललेत. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्स तालुक्याच्या गावी, मग बीएस्सीला पुण्यात. राहायला हॉस्टेलवर आणि अभ्यासाला सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत, जिथं आजूबाजूला सगळी एमपीएससीची मुलं आणि मधोमध ही एकटी फिजिक्सची वही उघडून बसलेली. मी पुण्यातल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवते आणि त्या वर्षी इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझमचा पेपर माझ्याकडे होता, वर्गात साठेक मुलं.

कोर्स जसा सगळीकडे असतो तसाच होता. पहिले दोन आठवडे व्हेक्टर (दिशा असलेल्या राशींचं गणित), म्हणजे ग्रेडियंट (कुठल्या दिशेला किती चढतं), डायव्हर्जन्स (एका बिंदूतून किती बाहेर पसरतं), कर्ल (बिंदूभोवती किती फिरतं) आणि त्यांची प्रमेयं, मग कूलॉमचा नियम, इलेक्ट्रिक फील्ड (एकक प्रभारावर लागणारा जोर), गॉस, पोटेन्शियल, कपॅसिटर, मग करंट आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र, आणि अगदी शेवटी फॅरडे. हा क्रम बराचसा इतिहासाच्या क्रमानंच जातो, कूलॉमनं प्रभारांमधला जोर मोजला 1785 मध्ये, तारेतल्या करंटनं होकायंत्राची सुई हलते हे ओर्स्टेडनं दाखवलं 1820 मध्ये, आणि फॅरडेचं इंडक्शन, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं तारेत वीज तयार होणं, 1831 मधलं. म्हणजे मोटर, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर हे ज्याच्यामुळं चालतं तो भाग मुलांना भेटतो ते सेमिस्टर संपत आल्यावर. तेव्हा मला यात काही खटकलं नव्हतं.

अडचण काय होती

प्राजक्ता पहिल्या बाकावर बसायची, एकही तास बुडवायची नाही, वही तर इतकी नेटकी की बाकीची मुलं तिच्याकडून फोटो काढून घ्यायची. पहिल्या चाचणीत तिला 20 पैकी 4 मिळाले.

पेपर बघितल्यावर मला आधी कळेचना, कारण "ग्रेडियंटचा कर्ल शून्य असतो हे सिद्ध करा" हा प्रश्न तिनं एका दमात, एकही चिन्ह न चुकवता लिहिला होता आणि ते 4 मार्क तिथलेच होते. त्याच्या खालचा प्रश्न असा होता: 20 सेंटिमीटर लांबीची दांडी, तिच्यावर 2 नॅनोकूलॉम प्रभार सगळीकडे सारखा पसरलेला, दांडीच्या मध्यापासून काटकोनात 5 सेंटिमीटरवर एक बिंदू, तिथलं इलेक्ट्रिक फील्ड काढा. तिनं सगळा प्रभार दांडीच्या मध्यावर आहे असं धरून थेट सूत्रात आकडे टाकले आणि उत्तर काढलं 7200 न्यूटन प्रति कूलॉम. बरोबर उत्तर आहे साधारण 3220, म्हणजे तिचं दुपटीपेक्षा जास्त आलं होतं, आणि ते जास्त का आलं असेल हा प्रश्न तिला पडायला जागाच नव्हती, कारण तिच्या लेखी सूत्र बरोबर होतं, आकडेमोड बरोबर होती, संपलं.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझं गणित कच्चंय. मी ठरवलंय, महिनाभर फक्त व्हेक्टर आणि इंटिग्रेशन करते, आधी गणित पुरं करते, मग फिजिक्सला हात लावते." तोवर तासाला बसू की नको, हे विचारायला आली होती.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय तिचाच, आधी महिनाभर गणित. ऐकायला एकदम शहाणपणाचा वाटतो, आणि खरं सांगायचं तर निम्मी मुलं मनातल्या मनात हेच ठरवतात. पण माझं म्हणणं असं होतं की तिचं गणित कच्चं नव्हतंच, कर्लची सिद्धता जिला येते तिला इंटिग्रेशनही येतं, तिला येत नव्हतं ते समोरच्या दांडीकडं बघून "इथं मला बेरीज करायचीय" हे ओळखणं. महिनाभर वहीत इंटिग्रेशन सोडवून ते येत नाही. शिवाय हे व्हेक्टरचं गणित आज ज्या रूपात आपण शिकतो ते काही आभाळातून आधी पडलं आणि मग फिजिक्सवाल्यांनी वापरलं असं झालेलं नाही. मॅक्सवेलनं 1865 मध्ये आपली समीकरणं मांडली तेव्हा ती वीस होती, त्यांना आजच्या चार ओळींचं रूप हेविसाइडनं 1880 च्या दशकात दिलं, आणि ही व्हेक्टरची भाषा त्यानं आणि अमेरिकेत गिब्जनं घडवली ती बरीचशी याच विषयाच्या गरजेपोटी. आणि फॅरडे, ज्याच्या डोक्यातून फील्डच्या रेषा निघाल्या, तो बुकबाइंडरकडं उमेदवारी केलेला माणूस, त्याला उच्च गणित येत नव्हतं. हे मी तिला सांगितलं, धीर द्यायला म्हणून नाही, तर चित्र आधी आणि गणित मागून हा रस्ता खरंच चालून झालेला आहे हे तिला कळावं म्हणून.

दुसरा पर्याय म्हणजे गेल्या पाच वर्षांचे पेपर काढायचे आणि डेरिव्हेशन पाठ करायची. याला मी नाक मुरडणार नाही, घरचे पैसे मोजून पाठवत असतात तेव्हा पास होणं ही साधी गोष्ट नसते, आणि या रस्त्यानं ती पास झालीही असती. तिची वही बघता आरामात झाली असती. तिसरा, क्लास लावायचा, पण फीचा आकडा ऐकून तो तिनंच बाजूला ठेवला. चौथा, पुढं विषयच बदलायचा, याचा अर्ज तिनं बॅगेत ठेवला होता हे मला नंतर कळलं.

पाचवा पर्याय मी सुचवला. तास सोडायचे नाहीत, आठवड्यातून दोनदा दुपारी स्टाफरूमला यायचं, आणि गणित फक्त तेवढंच करायचं जेवढं त्या दिवशीच्या प्रश्नाला लागेल. यात धोका होता, दुसरी चाचणी गणपतीनंतर लगेच होती आणि ही पद्धत सुरुवातीला फार हळू चालते. तिनं दोन दिवस घेतले आणि मग हो म्हणाली.

काय केलं

पहिल्या दुपारी तीच दांडी घेतली. पाठकोऱ्या कागदावर दांडी काढली आणि म्हटलं, इंटिग्रेशन विसर, चार तुकडे कर. प्रत्येक तुकडा 5 सेंटिमीटरचा, प्रत्येकावर अर्धा नॅनोकूलॉम, आणि प्रत्येकाचा प्रभार त्या त्या तुकड्याच्या मध्यावर आहे असं समज. आतले दोन तुकडे मध्यापासून अडीच सेंटिमीटरवर, बाहेरचे दोन साडेसातवर. आता तुझं आवडतं सूत्र प्रत्येक तुकड्याला लाव. तिनं कॅल्क्युलेटर काढला, आतल्या एकेका तुकड्याचं फील्ड आलं 1440 आणि बाहेरच्या एकेकाचं 554. तिनं चौघांची सरळ बेरीज केली, 3988.

इथं मी गप्प बसले आणि पेन तिच्या हातात दिलं, म्हटलं या चारी तुकड्यांचा जोर कुठल्या दिशेला आहे ते बाण काढून दाखव. डावीकडच्या तुकड्याचा बाण उजवीकडं तिरका, उजवीकडच्याचा डावीकडं तिरका. चारही बाण काढून झाल्यावर ती बराच वेळ कागदाकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "हे आडवे एकमेकांना खातायत की." मग आडवा भाग सोडून फक्त सरळ वर जाणारा भाग घेतला, आतल्यांचा 1288, बाहेरच्यांचा 307, दोन्हीची दुप्पट करून बेरीज 3190. मी खाली इंटिग्रेशननं येणारं उत्तर लिहिलं, 3220. चार तुकड्यांत एका टक्क्याच्या आसपास आलो होतो.

"मॅडम, म्हणजे इंटिग्रेशन म्हणजे हेच, फक्त तुकडे लई बारीक?"

हेच. दोन आठवडे फळ्यावर व्हेक्टर लिहून जे मला सांगता आलं नव्हतं ते एका पाठकोऱ्या कागदावर झालं, कारण आता बाण ही तिच्यासाठी डोक्यावर टोपी घातलेली अक्षरं राहिली नव्हती, बाण काढला नाही तर उत्तर 3988 येतं आणि ते चूक असतं, हे तिनं स्वतःच्या हातानं बघितलं होतं.

पुढच्या आठवड्यात वर्गात गॉसचा नियम झाला (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारं एकूण फील्ड, म्हणजे फ्लक्स, आतल्या प्रभारावरून ठरतं) आणि तिथं चूक माझी झाली. मी नेहमीची तीन उदाहरणं घेतली, गोळा, लांबच लांब तार, मोठा सपाट पत्रा, तिन्हीकडं उत्तर दोन ओळींत येतं आणि मुलं खूश होतात. प्राजक्ता धावत आली, म्हणाली मॅडम त्या दांडीला पण गॉस लावला, एवढी बेरीज कशाला करत बसलो आपण, आणि उत्तर दाखवलं 3600. आता हे 3600 बरोबर आहे, पण अनंत लांब तारेसाठी. आपल्या 20 सेंटिमीटरच्या दांडीसाठी नाही. तिच्या दांडीभोवती सिलिंडर काढला तर बाहेर जाणारा एकूण फ्लक्स प्रभाराच्या हिशोबानं बरोबरच येतो, नियम कुठं मोडत नाही, पण त्या सिलिंडरच्या कडेवर फील्ड सगळीकडं सारखं नसतं आणि दोन्ही टोकांच्या झाकणांमधूनही थोडं बाहेर जातं, म्हणून फील्ड इंटिग्रेशनच्या बाहेर काढून भागाकार करता येत नाही. नियम खरा असणं वेगळं आणि तो इथं उत्तर काढायला उपयोगी पडणं वेगळं, हा फरक मी वर्गात एका शब्दानं बोलले नव्हते. आणि तिला समजावताना दुसरीच गोष्ट लक्षात आली, की "फ्लक्स" हा शब्द तिच्यासाठी पूर्ण रिकामा होता. त्याची व्याख्या ती घडाघडा म्हणायची, पण काय मोजतोय हे विचारलं की गप्प.

मग एका दुपारी, खरं तर तिचा मूड बदलावा म्हणून, मी म्हटलं चल लॅबमध्ये ओर्स्टेडचा प्रयोग करू. तपकीर गल्लीतून आणलेलं एक छोटं होकायंत्र, एक सेल आणि तार. तिनं तार होकायंत्रावर पूर्व-पश्चिम धरली आणि सुई हललीच नाही. हे फार छान झालं, कारण तारेच्या खाली चुंबकीय क्षेत्र तारेला काटकोनात असतं, म्हणजे तार पूर्व-पश्चिम धरली तर ते उत्तर-दक्षिण येतं, आणि सुई आधीच उत्तरेकडं बघत असते, ती कशाला हलेल. सेल उलटा जोडला असता तर ती कदाचित गर्रकन फिरली असती. मग तार उत्तर-दक्षिण धरली आणि सुई झटक्यात बाजूला गेली. आकडेही जुळतात, तारेत 2 अँपिअर असतील आणि सुई 1 सेंटिमीटर खाली असेल तर तिथं 40 मायक्रोटेस्ला येतात, आणि पुण्यात पृथ्वीचं आडवं क्षेत्रही साधारण तेवढंच आहे, म्हणून सुई मधोमध, 45 अंशांच्या आसपास थांबते. (कोणाला घरी करायचं असेल तर सेलला तार एखादा सेकंदच लावा, तार तापते. आणि लोखंडी कॉटवर होकायंत्र ठेवू नका, प्राजक्तानं हॉस्टेलवर ठेवलं होतं, सुई उत्तरेऐवजी कॉटच्या पायाकडं बघत बसली.)

पण या प्रकरणातला वळणाचा क्षण सुईचा नाही, त्याच्या दोन मिनिटं आधीचा आहे. लॅबमधली तार इनॅमलची होती, म्हणजे तांब्यावर पातळ वार्निशचा थर असतो आणि टोकं खरवडल्याशिवाय त्यातून करंट जात नाही. वर्गातली मुलं दरवर्षी इथं अडकतात, तार जोडतात आणि मॅडम काहीच होत नाही म्हणतात. प्राजक्तानं तार हातात घेतली, नखानं थर चाचपला, ब्लेड मागितलं आणि टोक बोटावर फिरवत चारी बाजूंनी खरवडून लखलखीत केलं, मला बोलायलाही वेळ दिला नाही. मी विचारलं, हे कुठं शिकलीस? म्हणाली, "आमचं मोटर भरायचं दुकान आहे ना मॅडम."

तिचे वडील मोटर रिवायंडिंग करतात. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी दुकानात येतात आणि ही पोरगी सातवी-आठवीपासून सुट्टीत तिथं बसून कॉइल गुंडाळतेय. एक कॉइल उलटी जोडली गेली तर मोटर नुसती घूं घूं करते आणि तापते हे तिला माहीत होतं, थ्री फेजच्या कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की पंप उलटा फिरतो हे माहीत होतं. आणि या सगळ्याचा माझ्या पेपरशी काही संबंध आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, मीही नाही.

इथं निर्णय घ्यावा लागला. वर्ग पोटेन्शियलवर होता, चाचणी इलेक्ट्रोस्टॅटिक्सवर होती, आणि मला वाटत होतं की हिला आत्ता सेमिस्टरच्या शेवटचा फॅरडे शिकवावा. चाचणीच्या तोंडावर पुढचं प्रकरण काढणं म्हणजे पोरीचं नुकसान करणं, असं एका सहकाऱ्यांनी मला स्पष्ट सांगितलं आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आम्ही मधला मार्ग काढला, दोन दुपारींपैकी एक चाचणीला, एक कॉइलला.

गौरी-गणपतीला ती गावी गेली आणि चार दिवस उशिरा परत आली, पिशवीत वडिलांनी दिलेली तार आणि एका जळक्या मोटरचे स्टॅम्पिंग, म्हणजे आतले लोखंडी पत्रे, घेऊन. वडिलांचा मला फोनही आला, "मॅडम, ते इंग्रजी पुस्तक काय मला कळत नाही, पण वायर कमी पडली तर सांगा." तिनं माझ्यासमोर 200 वेढ्यांची कॉइल गुंडाळली, गप्पा मारता मारता, आणि मोजणी कुठं चुकली नाही. मल्टिमीटर लावला, कॉइलमध्ये चुंबक खुपसलं, आकडा उडाला. चुंबक आत तसंच धरून ठेवलं, शून्य. बाहेर ओढलं, आकडा उलट्या चिन्हाचा. जोरात ओढलं, मोठा आकडा. मी विचारलं, चुंबक आत असताना तर सगळ्यात जास्त आहे ना, मग शून्य का? ती म्हणाली, "जास्त असून काय उपयोग, बदलतंय कुठं." मग विचारलं, काय बदलत नाहीये? आणि तिनं तळहात कॉइलच्या तोंडावर आडवा धरला आणि म्हणाली, यातून जे पार जातंय ते. मी म्हटलं, त्यालाच फ्लक्स म्हणतात.

त्याच दुपारी आम्ही मागं गॉसकडं गेलो. कॉइलचं तोंड उघडं असतं, आता त्याच्या जागी बंद पिशवी घे. चुंबकीय रेषा पिशवीत जितक्या शिरतील तितक्याच बाहेर पडतील, एकूण शून्य, चुंबक आत ठेवलं तरी शून्य. विजेचं तसं नाही, आत प्रभार असेल तर रेषा तिथून सुरू होतात आणि बाहेर पडणारा फ्लक्स त्या प्रभाराइतका, एप्सिलॉन नॉट या स्थिरांकानं भागून. तिनं 3600 वालं जुनं पान काढलं आणि सिलिंडरच्या दोन्ही झाकणांवर स्वतःच बाण काढले.

शेवटी काय झालं

दुसऱ्या चाचणीत 20 पैकी 11. त्यात पोटेन्शियलचा प्रश्न पूर्ण चुकला होता, कारण तो भाग ज्या दुपारी घ्यायला हवा होता त्या दुपारी आम्ही कॉइल गुंडाळत होतो, याचं उत्तरदायित्व माझं. सेमिस्टरच्या शेवटी तिला शंभरात 57 मिळाले. चुंबकीय भागाचे जवळजवळ सगळे, इलेक्ट्रोस्टॅटिक्समध्ये अजून खिंडारं. विषय बदलायचा अर्ज तिनं दिला नाही. ती वर्गात पहिली वगैरे आली नाही, आणि तिच्यापेक्षा जास्त मार्क पाठ करून आलेल्यांनाही मिळाले, हे लिहिलं पाहिजे.

लेन्झच्या नियमाचा (तयार होणारा करंट बदलाला विरोध करतो) तास तिनं घेतला, दहा मिनिटांचा, फळ्यावर नाही, मोटरचं स्टेटर, म्हणजे न फिरणारा भाग, टेबलावर ठेवून. मागच्या बाकावरची मुलं उठून पुढं आली होती.

परत करायचं झालं तर काय वेगळं करेन

घरी काय काम चालतं हे मी सहाव्या आठवड्यात विचारलं, तेही तार खरवडताना बघितलं म्हणून. पहिल्या तासालाच विचारायला हवं होतं, सगळ्यांना. वर्गात वायरमनची, गॅरेजवाल्याची, मांडवात लाइट-साउंड लावणाऱ्याची मुलं असणारच, आणि स्पीकरच्या आत चुंबक आणि कॉइलच असते.

व्हेक्टरचे पहिले दोन आठवडे मी असे सलग घेणार नाही. ग्रेडियंट पोटेन्शियलच्या वेळी येऊ दे, डायव्हर्जन्स गॉसच्या वेळी, कर्ल फॅरडेच्या वेळी. यात एक अडचण खरी आहे, ज्या मुलांना गणित आवडतं त्यांना ते तुकड्यातुकड्यांत मिळाल्यासारखं वाटतं, आणि वेळापत्रकात हे बसवायला विभागात भांडावं लागतं, तासिका तत्त्वावरच्या माणसाचं तिथं किती चालतं ते ज्यांनी काम केलंय त्यांना माहीत आहे.

गॉसच्या तासाला तीन सोप्या उदाहरणांनंतर चौथं, न चालणारं उदाहरण मी आता हमखास घेते, तीच 20 सेंटिमीटरची दांडी. मुलं 3600 काढतात, मग चार तुकड्यांचं 3190 काढतात, आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून मी पाच मिनिटं काही बोलत नाही.

फॅरडे आधी घेण्याबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. प्राजक्ताला ते लागू पडलं कारण कॉइल तिच्या हातात आधीपासून होती. पुढच्या वर्षी एका मुलाला मी तसंच शिकवायला गेले, त्यानं आयुष्यात कधी तार गुंडाळली नव्हती, आणि तो फ्लक्समध्ये तितकाच अडकला जितकी ती गॉसमध्ये अडकली होती. त्याला शेवटी पावसाच्या पाण्याच्या उदाहरणानं कळलं, बादली तिरकी धरली तर पाणी कमी का साठतं यावरून. तो शेतकऱ्याचा मुलगा नव्हता, कोथरूडमधल्या फ्लॅटमध्ये वाढलेला होता, पण घराची गच्ची गळायची आणि पावसाळ्यात बादल्या लावायचं काम त्याच्याकडं असायचं.